उलथन्यानं उघडलेला पंखा

माझ्या लेपाची कीर्ती तुमच्यापर्यंत पोचली नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. तो लेप जिथं लागतो तिथून हलत नाही, त्यामुळं त्याची कीर्तीही सोलापुरातच चिकटून राहिली.

चाळीस वर्षं मी यंत्रमागावर जॉबर होतो. रुसलेला माग हलवायचा, तुटलेला जोडायचा, हे माझं काम. हात थकले तसा ईरप्पाच्या पंख्याच्या शेडमध्ये लागलो. शेड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. कामाला माणसं आठ. दुपारी जेवणानंतर मी लवंडतो तेव्हा सात. ईरप्पा मूळचा दुधनीचा, भुसार मालाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि बोलायला फार काटकसरी. पंख्याचं डोकं त्याचं नव्हे, त्याच्या लेकीचं. दानेश्वरी इंजिनिअर होऊन आली आणि दोन वर्षं खपून तिनं कमी विजेवर फिरणारा पंखा बसवला. त्याच्या मोटारीत गोल कड्याला आतून सोळा मॅग्नेट लावलेली असतात, बिस्किटाएवढी. ती सोळा बिस्किटं हाच त्या पंख्याचा जीव. आणि ती कड्याला धरून ठेवायची ती माझ्या लेपानं.

लेप म्हणजे दोन नळ्यांतला माल आणि त्यात मी घालतो ती तिसरी वस्तू, जी मी बायकोलाही सांगितलेली नाही. सत्त्याण्णव साली त्यावर एक माशी बसली. ती अजून तिथंच आहे. सणावाराला तिची पतवंडं भेटायला येतात. एकदा ईरप्पाच्या खुर्चीवर थेंब सांडला आणि तो चार तास दहा मिनिटं बसून राहिला. त्या चार तासांत त्यानं जेवढी कामं उरकली तेवढी आधीच्या वर्षभरात उरकली नव्हती. हे सगळं खरं आहे. शंका असेल तर माशीला विचारा.

तर एके दिवशी सकाळच्या चहाला दानेश्वरी एक सरकारी कागद घेऊन आली. पंख्यांना नवा नियम येणार होता.

"अप्पा, ही मॅग्नेट ज्या खनिजातून होतात ना, ते जगात दोन-चार देशच काढतात," ती म्हणाली. "त्यांनी दार लावलं की आपण बसलो. मागं दोन महिने आपला माल अडकला होता, तो त्याच्यामुळंच."

"मग?" ईरप्पा म्हणाला.

"मग सरकारचं म्हणणं असं, की देशात आलेलं मॅग्नेट पंख्याबरोबर भंगारात मरू देऊ नका. पंखा बनवतानाच असा बनवा, की तो म्हातारा झाला की मॅग्नेट अख्खी बाहेर आली पाहिजेत. साध्या माणसानं, साध्या हत्यारानं, वीस मिनिटांत. न फोडता. तेच मॅग्नेट पुन्हा नव्या पंख्यात."

"नाही निघाली तर?"

"तर पुढच्या वर्षापासून तो पंखा विकता येणार नाही."

ईरप्पानं बशीतला चहा संपवला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "साधा माणूस म्हणजे मी धरा. उघडतो."

त्यानं पंखा मांडीवर घेतला, पेचकस घेतला, मग पटाशी घेतली, मग हातोडा घेतला. अडीच तासांनी सोळा मॅग्नेटचे एकोणपन्नास तुकडे झाले आणि एकही तुकडा कड्यावरून सुटला नाही. मला जरा अभिमानानं हसू आलं. दानेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी ते हसू खोकल्यात घातलं.

"दोन महिन्यांनी तपासणी आहे," ईरप्पा हात पुसत म्हणाला. "पास झाला तर पंखा. नाही झाला तर शेड चादरीवाल्याला गोदामाला देतो, आणि तू पुण्याची नोकरी धर. आयतु."

आयतु म्हणजे कानडीत झालं, ठरलं. ईरप्पानं आयतु म्हटलं की त्यापुढं त्याच्या आईचंही, शरणम्माचंही, चालत नाही. दानेश्वरीनं एकोणपन्नास तुकडे चिकटलेलं ते कडं उचललं आणि आपल्या खणात ठेवलं.

मग सुरू झाले उद्योग. मॅग्नेटला भोक पाडून स्क्रू लावावा म्हटलं, तर ते काचेसारखं तडकतं. क्लिपा लावल्या, तर पंखा असा गुणगुणायला लागला की शेजारच्या शेडमधल्या सतरा बाया भजन सुरू झालं समजून टाळ घेऊन आल्या. कुठलं तरी परदेशी चिकटद्रव्य मागवलं, ते आपल्या एप्रिलच्या उन्हात पाघळलं आणि मॅग्नेट कढईत भजी सोडावीत तशी एकेक खाली पडली. मी रोज सकाळी म्हणायचो, "माझा लेप आहे की." दानेश्वरी रोज म्हणायची, "तुमचा लेप आहे म्हणूनच तर, काका."

पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी मायाक्का आली.

मायाक्का मंद्रूपकडची धनगरीण. उन्हाळ्यात तिची मेंढरं एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटांत चरतात. ती हातात काठी घेऊन थेट आत आली.

"मेंढा सोडा माजा," ती म्हणाली.

"कुठला मेंढा?" मी विचारलं.

"बाहीर येऊन बग की म्हाताऱ्या."

बाहेर गेलो. शेडच्या पत्र्याला, आमच्या मॅग्नेटचं पिंप जिथं आतून टेकवलेलं असतं नेमकं तिथं, तिचा थोरला मेंढा गळ्यातल्या लोखंडी घंटेनं चिकटला होता. चारही पाय मारत होता, पण घंटा पत्रा सोडत नव्हती. त्याच्या मागं अकरा मेंढरं ओळीत उभी, आपली पाळी कधी येते बघत. मी आत जाऊन पिंप ढकललं तेव्हा मेंढा सुटला. सुटल्यावर त्यानं पत्र्याला एक धडक दिली, ती खूण अजून आहे.

मायाक्काचा राग लवकर उतरला, कारण दानेश्वरीनं तिला चहा दिला. चहा पिता पिता ती टेबलापाशी येऊन बघत राहिली. मी एका जुन्या कड्यावरून लेप खरवडत होतो.

"काय करतोस?"

"चिकटवलेलं काढतोय."

"काढायचं हुतं तर चिकटवलंस कशाला असं?"

"चिकटवायचं म्हणजे चिकटवायचं, मायाक्का. अर्धं कसं चिकटवणार?"

ती हसली. "आमच्या म्हायेरी घोंगडीचा माग हुता. लोकरीचा ताणा लावायच्या आदी त्येला चिंचोक्याची खळ देत्यात. ताणा असा ताट हुतो, की बोट लावलं तर वाजतो. इणून झाली की घोंगडी गरम पाण्यात टाकायची. खळ सुटती, घोंगडी मऊ. धाग्याला कायमचं धरून काय त्येची चटणी करायची हाय?"

दानेश्वरीचा कप हातातच राहिला. "पंख्यात पाणी कुठून जाणार," ती स्वतःशीच म्हणाली. "फिरतोय तोवर कोरडाच असतो तो. आणि जितका फिरेल तितका आतून गरम, म्हणजे आणखी कोरडा." मग मायाक्काकडं वळून म्हणाली, "आत्या, खळ करायला शिकवाल?"

"त्यात काय शिकवायचं. चिंचोकं आन."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चूल पेटली. चिंचोके भाजले, भिजवले, टरफलं काढली, वाटले, शिजवले. मायाक्का पळीनं धार धरून बघायची आणि म्हणायची, "अजून न्हाय," आणि आमची दानेश्वरी ते वहीत लिहून घ्यायची, किती तापमानाला अजून न्हाय आणि किती तापमानाला आता व्हय. त्या खळीनं मॅग्नेट बसवली, दोन दिवस सुकवली. पंखा लावला. गपगुमान फिरला. तीस तास फिरला. खाली उतरवून उकळतं पाणी सोडलं, तर मॅग्नेट मुलांनी आजोळी जायला निघावं तशी हसत बाहेर.

एकच घोटाळा झाला. एक पंखा सुकायला म्हणून बाहेर उन्हात ठेवला होता. तासाभरानं बघतो तर मेंढा त्यात तोंड घालून उभा. चिंचोक्याची खळ म्हणजे त्याच्या दृष्टीनं खीरच. सोळाच्या सोळा मॅग्नेट चाटून मोकळी केली होती, आणि घंटेला चिकटवून घरी निघायच्या बेतात होता.

"अकरा मिनिटं लागली त्याला," मी दानेश्वरीला सांगितलं. "नियमात बसतंय. फक्त साधा माणूस म्हणून त्याचं आधार कार्ड काढावं लागेल."

ती पोट धरून हसली. पण त्यातून शहाणपण आलं. खळीवर तिनं वार्निशचा एक पातळ हात दिला, जो नखानं ओरखडला तरी निघेल. दमट हवा आणि जिभा, दोघांनाही बंदी.

आता खरी गोष्ट. इथून पुढं मला जरा जड जातं.

तपासणीला सरकारकडून दिपाली मॅडम येणार होत्या. त्यांची पद्धत अशी: आधी आम्ही दोन पंखे निवडून ठेवायचे, त्यांवर त्यांनी सही करून सील लावायचं, ते तीन आठवडे अखंड फिरवायचे, आणि मग उघडायचे. सील लावायच्या आदल्या दिवशी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. दोन्ही पंख्यांची कडी टेबलावर उघडी होती. मी बघत बसलो. चाळीस वर्षं ज्या हाताचं नाव होतं, त्याची जागा चिंचोक्यानं घेतली होती. आणि मनात असंही आलं, की समजा एखादं मॅग्नेट तीन आठवड्यांत सुटलंच, आत खडखडलं, तर पोरीचं सगळं जाईल. एक थेंब. नुसता एक. मी नळी काढली, पहिल्या पंख्याच्या एका मॅग्नेटखाली माझ्या लेपाचा थेंब सोडला आणि दुसऱ्याकडं वळणार, तोच दानेश्वरी आली. नळी मी फेट्यात खोचली. संध्याकाळी फेटा डोक्यावरून निघेना, ते वेगळं. बायकोनं कात्री लावली.

मॅडम आल्या, सील झालं, पंखे लागले. तीन आठवडे दोन्ही फिरले, कसला आवाज नाही. मी रोज पहिल्या पंख्याखाली उभा राहून मनात म्हणायचो, आता सांगावं. आणि रोज दुसऱ्या दिवसावर टाकायचो.

तपासणीच्या दिवशी दिपाली मॅडमनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "नमुने दोन, वेळ दोन्हींना मिळून वीस मिनिटं. एक तरी पूर्ण उघडला पाहिजे, सोळाही मॅग्नेट अख्खी. उघडणारा माणूस मी निवडणार."

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि कोपऱ्यावरच्या बजाबाईला घेऊन आल्या. बजाबाई एमआयडीसीतल्या कामगारांना ज्वारीच्या भाकरी करून देते. तिनं जन्मात पेचकस धरला नव्हता. हातात उलथनं तसंच घेऊन आली होती.

"मॅडम, माजी भाकर हाय तव्यावर," ती म्हणाली.

"वीस मिनिटं फक्त, मावशी."

"वीस मिन्टात तिची कडक भाकर हुती. बरं, काय उघडायचंय?"

मॅडमनी टेबलावरची हत्यारं दाखवली. बजाबाईनं ती एकेक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. तिनं उलथन्याची कड स्क्रूच्या खाचेत घातली आणि फिरवली. स्क्रू निघाला. मॅडमनी काही लिहिलं. चार स्क्रू, झाकण, मग कडं. उलथन्यानंच तिनं वार्निश असं खरवडलं जसं तव्याला लागलेलं पीठ. वरून शेडच्या चुलीवरचं गरम पाणी. एक मॅग्नेट सुटलं, दोन, पाच. बजाबाई मोजत होती, "धा, अकरा," आणि प्रत्येकाला ताटात ठेवताना ते ताटाला टणकन बसायचं. तेरा, चौदा, पंधरा.

सोळावं हलेना.

तिनं आणखी पाणी ओतलं. उलथनं घातलं. हलेना. दानेश्वरी कड्यावर वाकली. "खळ सुटायलाच पाहिजे," ती म्हणाली. "बाकीची सुटली की. हे का नाही?"

घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

मी पुढं झालो. "त्याच्याखाली माझा लेप आहे," मी म्हणालो.

बजाबाईनं उलथनं खाली घेतलं.

"सील करायच्या आदल्या दिवशी मी घातला. ह्याच मॅग्नेटखाली. हे निघणार नाही, जोर लावाल तर फुटेल. दुसरा पंखा घ्या. त्यात नाही."

ईरप्पा खुर्चीतून उठला. "शिवप्पा, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? गेल्या महिन्यात तू मेंढ्याचं आधार कार्ड काढत होतास."

"दुसरा घ्यायला गेलं आणि त्यातही अडलं, तर मग काहीच हातात राहत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण घड्याळ चालू होतं. "आहे त्यालाच धरून थोडा प्रयत्न करायचा, की दुसरा उघडायचा, हे तुम्ही ठरवा, दानेश्वरी."

दानेश्वरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, दुसऱ्यात घातलाय का?"

"नाही."

"का नाही घातला?"

"तू आलीस म्हणून."

ती मॅडमकडं वळली. "दुसरा उघडायचा."

"अगं, पण," ईरप्पा म्हणाला.

"अप्पा, काका खोटं सांगतात तेव्हा त्यात आकडा असतो. सतरा बाया, अकरा मेंढरं, चार तास दहा मिनिटं. आत्ता त्यांनी एकही आकडा सांगितला नाही." ती बजाबाईला म्हणाली, "मावशी, घ्या दुसरा."

खरं सांगतो, तोवर मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

बजाबाईचा हात आता बसला होता. चार स्क्रू निघाले तसे तिनं ते दातात धरले. झाकण बाजूला. वार्निश खरवडलं. पाणी ओतलं, पण पाणी पहिल्या पंख्यावर बरंच संपलं होतं आणि उरलेलं कोमट झालं होतं. सात मॅग्नेट सुटली आणि थांबली. दानेश्वरी चुलीकडं धावली, तर बजाबाई ओरडली, "माज्या चहाच्या पातेल्यातलं आना, उकळतंय त्ये," आणि ईरप्पा, ज्यानं गेल्या वीस वर्षांत स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला नव्हता, तो धोतर सावरत फाटकाबाहेर पळाला. पातेलं घेऊन आला. चहा होता तो, दूध घातलेला. बजाबाईनं तो तसाच ओतला.

नऊ. बारा. पंधरा ताटात टणकन बसलं. सोळाव्याशी ती थांबली आणि माझ्याकडं एकदा बघितलं. मग उलथन्याची कड हलकेच घातली, जशी भाकरीखाली घालतात, आणि उलटवली.

ते ताटात पडलं. अख्खं.

एकोणीस मिनिटं नऊ सेकंद. हा आकडा मॅडमच्या घड्याळातला आहे, माझा नव्हे.

दिपाली मॅडमनी सोळाही मॅग्नेट उलटीसुलटी करून पाहिली, चहाचा वास घेतला आणि कागद भरायला घेतला. एका रकान्यापाशी अडल्या. "वापरलेलं हत्यार. इथं छापील यादीतून निवडायचं असतं, आणि यादीत उलथनं नाही."

"मग घाला की यादीत," बजाबाई म्हणाली. "घराघरात हाय. तुमचं त्ये पेचकस कुणाकडं हाय?"

मॅडमनी विचार केला आणि सगळ्यात खाली हातानं लिहिलं: उलथनं, लोखंडी, एक. मग म्हणाल्या, "नियमानं हत्यार सोबत जोडावं लागेल, मावशी. सील करून न्यावं लागेल."

"न्या. पर आदी चला, तव्यावरली भाकर उलटून द्या मला. ती जळायचा वास हितवर येतोय."

शेवटी फोटोवर भागलं. कागदावर शिक्का पडला. ईरप्पा अजून हातात रिकामं पातेलं घेऊन उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं, शिक्का वाचला, लेकीकडं पाहिलं आणि म्हणाला, "उद्या चादरीवाल्याला फोन करून नाही सांग. पुण्याला पण. आयतु."

दानेश्वरीनं पहिल्या पंख्याचं कडं उचललं, ज्यावर ते एक मॅग्नेट ठाण मांडून बसलं होतं, आणि ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुम्ही काढायचं, काका. न फोडता. निघेपर्यंत तुम्हाला दुसरं काम नाही, आणि दुपारची झोप पण नाही."

"आणि निघालं नाही तर?"

"तर बसा."

त्याला आता बराच काळ झाला. गरम पाणी झालं, लिंबू झालं, रॉकेल झालं, मायाक्कानं मेंढाही आणून पाहिला. त्यानं एकदा वास घेतला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच मान खाली घातली. नवे पंखे रोज बाहेर पडतात, खळ शिजते, शेड चालू आहे. मी खिडकीपाशी कडं घेऊन बसतो. परवा मला वाटलं, ते किंचित हललं. दानेश्वरीला सांगितलं तर ती म्हणाली, "किती?"

मी आकडा सांगितला नाही.